टंचाईच्या दारात मोर

नाही, पण मला एक सांगा, पाणीटंचाईच्या फिल्ममध्ये दारापुढचा सडा कसा दाखवायचा? आणि त्यावर रांगोळी! साधी नाही हो, मोर! पिसारा फुलवलेला! आमची डायरेक्टर वल्लरी, नाशकात कॉलेजात फिल्म करायला शिकते, ती कपाळाला हात लावून म्हणते, "उज्ज्वलाताई, मी सांगितलं होतं ना, सगळं नॅचरल पाहिजे!" अगं बाई, सांगितलं होतंस, मीही पुढं सांगितलं होतं, पण ऐकणार कोण?

आमची पाणी संघटना म्हणजे काय, तर मी, सोमनाथ आणि सोमनाथची मोटरसायकल. हरसूलच्या अलीकडे डोंगरात एक पाडा आहे, उन्हाळ्यात तिथली विहीर आटते, मग बाया खाली दरीतल्या झऱ्यावर उतरतात आणि वाटीवाटीनं हंडा भरतात. टँकर मागून मागून आमच्या चपला झिजल्या! तालुक्याचे साहेब आपले म्हणतात, "बघू." म्हटलं, बघायचंच आहे ना, मग दाखवतोच! कॉलेजची पोरं फिल्म करणार, ती साहेबांना दाखवायची, की टँकर आलाच. किती सोपं!

चूक कुठं झाली सांगू? मी आदल्या दिवशी बयाबाईला फोन केला. पाड्यातलं सगळं तिच्या शब्दावर चालतं, आणि न कळवता कुणाच्या दारात जातं का माणूस? म्हटलं, "उद्या शूटिंगची पोरं येतायत, काही करू नका, आहात तशा राहा." म्हणाली, "व्हय व्हय, तशाच राहू."

तशाच! तुम्हाला सांगते, आम्ही पोचलो तर समोर लग्नघर! पोरांना अंघोळी घातलेल्या, केसांना तेल चापलेलं, बाया ठेवणीतल्या साड्या नेसून झऱ्याच्या वाटेला उभ्या, डोक्यावर चिंचेनं घासलेले तांब्याचे हंडे, नुसते लखलखतायत! कॅमेरावाला यशोधन बिचारा हळूच बयाबाईला विचारतो, "मावशी, रोजचे प्लॅस्टिकचे ड्रम नाहीत का?"

"हायेत की! पण आत दडवलेत. लय घाण दिसत्यात."

"बयाबाई," मी म्हटलं, "अहो, नॅचरल..."

"काय नॅचरल? नाशकात दिसणार आम्ही! लेकीच्या सासरची बघतील. पारोशी दिसू का?"

बरं, चहा आला. वल्लरी गुणाची पोर, पाणी वाचावं म्हणून नको म्हणाली, तर बयाबाईचा चेहरा पडला. "आमच्या हातचा चालत नाय का?" झालं! पोरीनं दोन कप प्यायले. मी बयाबाईला बाजूला घेऊन विचारलं, एवढं पाणी आणलं कुठून? तर म्हणे, "पहाटपास्नं सुना झऱ्यावरच हायेत. पिपात व्हतं तेबी काढलं. पाव्हणे रोज येत्यात का?" खरं सांगते, वाईट वाटलं, रागही आला. कुणाचा, ते विचारू नका.

मग मुलाखत. वल्लरी म्हणते, "आजी, पाण्याचा त्रास होतो का? नॅचरल बोला." बयाबाई पदर सावरून कॅमेऱ्याकडं बघून काय म्हणाली असेल? "तरास कसला? देवाच्या दयेनं समदं बरं हाय!" कॅमेरा बंद केला, तर लगेच, "लय हाल हायेत बाई, खांदे गेले माझे." अहो, हेच कॅमेऱ्यात सांगा ना! "छ्या! पाव्हण्याम्होरं कुनी रडगाणं गातं का?"

घ्या नॅचरल!

तरी पोरांनी फिल्म जोडली, साहेबांना दाखवली. साहेब बघतायत... हंडे, साड्या, मोर... आणि म्हणतात, "छान आहे हो गाव! लग्न कुणाचं होतं?" तेव्हा मात्र वल्लरी बोलली, अगदी रडवेली होऊन बोलली, हे सगळं आमच्यासाठी केलंय साहेब, त्या दिवशी पाड्यात प्यायला थेंब उरला नव्हता. साहेब म्हणाले, "गुरुवारी मी स्वतः येतो. जे दिसेल त्यावर टँकरचं ठरवतो. पण कुणाला कळवू नका."

नाहीच कळवलं! मी तर फोनला हातसुद्धा लावला नाही! सोमनाथनं फक्त बायकोला सांगितलं. आता सोमनाथची बायको ही बयाबाईची भाची, याला मी काय करू?

आज सकाळी बयाबाईचाच फोन. "ताई, उद्या साहेब येणार म्हणं! तुमी बिनघोर ऱ्हावा. ह्या बारीला पार रस्त्यापस्तोर सडा टाकतो. सुना गेल्यात झऱ्यावर."

म्हटलं, बयाबाई, तुमच्या पाया पडते, सडा टाकू नका, चहा ठेवू नका, साहेबाला कोरडं पीप दाखवा! नाहीतर टँकर गेला म्हणून समजा!

तर हळूच म्हणते, "ताई, एवढा मोठा माणूस पायरी चढून येणार... अन् त्याला कोरडं पीप दाखवू?"

मी म्हटलं, बरं.

चला, निघते मी. दुकान बंद व्हायच्या आत साखर घ्यायचीय, तिच्याकडची संपलीय म्हणे.