मास्तरांचा निळा आणि काकूंचा कॉम्प्युटर

या सभेचं अध्यक्षपद सांभाळणारे आमचे व्यवस्थापक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले, आपलं कापड दूरदूर नेऊन विकणारे खरेदीदार पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण सगळे हातांवरचे डाग घासून घासून इथे आलो आहोत ते आमचे रंगमास्तर, मंचावर बसायला अजूनही तयार नसलेल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसलेल्या मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आणि समोरच्या धुलाई, रंगाई, सुकाई या सर्व खात्यांतल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

मला इथे सगळे भिंगरी म्हणतात. कुठल्याच जागी फार दिवस न टिकणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? शाळेत टिकलो नाही, गॅरेजात टिकलो नाही, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तर मालकाला माझं नाव पाठ होण्याआधी बाहेर पडलो. घरापासून इतक्या लांब येऊन या कारखान्यात मात्र टिकलो, आणि त्याचा सगळा दोष मंचावर बसलेल्या एका माणसाचा आहे. साहेब, आपण घड्याळाकडे बघितलंत ते मला दिसलं. थोडक्यात सांगतो.

माझ्या आधीचे वक्ते मास्तरांच्या कामाबद्दल बोलले, छान बोलले. पण एक गोष्ट सगळ्यांनी शिताफीने टाळली. तोंड फिरवण्याची. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या निळ्याचा लॉट लागला की शेवटची पूड टाकीत सोडण्याआधी मास्तर म्हणायचे, "तोंड फिरवा." आणि आम्ही सगळी मोठमोठी माणसं शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे बघत उभी. मागे डब्याचं झाकण वाजायचं, पाण्यात काहीतरी पडायचं, मग "हं, बघा आता." बघून काय करणार? काम तर होऊन गेलेलं असायचं. मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी तसंच भिंतीकडे उभं केलं होतं आणि कृती अगदी शेवटी, कानात सांगितली होती. रंगाच्या धंद्याची रीतच तशी.

त्यामुळे मास्तर निवृत्त होणार म्हटल्यावर आपण सगळे घाबरलो. खोटं कशाला बोला? पाहुणे आपल्याकडे येतात ते त्या निळ्यासाठी. निळा मास्तरांबरोबर घरी गेला तर पाहुणेही जाणार, आणि रंगाई खात्यातले निम्मे आपण त्यांच्या पाठोपाठ. साहेबांनी मास्तरांना चहाला बोलावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. मास्तर चहा पिऊन परत आले.

आता तुम्ही म्हणाल, यात कॉम्प्युटर कुठून आला? तेच सांगायला उभा आहे.

काकू भरतकामाचे नमुने काढतात. वेली, फुलं, पडद्यांचे काठ, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर काढून छापतात, आणि शिवणाऱ्या बायका ते कापडावर उतरवून घेतात. तो कॉम्प्युटर इतका थकला होता की काकू त्याचं बटण दाबून कुकर लावायच्या आणि तीन शिट्ट्या झाल्या की येऊन बघायच्या, उठलाय का. दुकानदाराने सांगितलं, भंगारात द्या. मास्तरांना चालू असलेली वस्तू टाकवत नाही. त्यांनी मला टाकीजवळ गाठलं. कॉम्प्युटरमधलं मला कळतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडंफार. तर म्हणाले, "अर्धवट टाकून पळणार असशील तर येऊच नकोस." एवढं बोलल्यावर जावंच लागलं.

घर छोटं, नीटनेटकं. शिलाई मशीनच्या टेबलावरच कॉम्प्युटर, माऊस डाव्या बाजूला, कारण काकू डावखुऱ्या. मी मास्तरांना म्हटलं, यंत्र चांगलं आहे, आतली सिस्टीम जड झालीय. लिनक्स टाकू, हलकी असते, फुकट असते. फुकट म्हटल्यावर मास्तरांच्या भुवया वर गेल्या. मी समजावलं की ही सिस्टीम जगभरातल्या माणसांनी मिळून केलीय आणि तिची सगळी कृती उघडी ठेवलीय. कुणीही बघावी, बदलावी, पुढे द्यावी.

मास्तरांनी पडद्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाले, "कृती उघडी? मग त्यांच्याकडे उरलं काय?"

काकू मात्र हसल्या. कारण हा त्या घरातला जुना वाद. काकू त्यांच्या नमुन्यांच्या फाइली मागेल तिला देऊन टाकायच्या. अगदी समोरच्या गल्लीतल्या, त्यांचीच गिऱ्हाइकं पळवणाऱ्या बाईलासुद्धा. मास्तर चिडायचे, नमुना दिलास म्हणजे गिऱ्हाईक दिलंस. काकू म्हणायच्या, अहो, माझा नमुना माझ्याकडे आहेच की.

तर मी नवी सिस्टीम एका पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. काकूंचे नमुने आधी बाजूला काढायला दुसरा हवा होता. तो आणायला मी खाली दुकानात निघालो आणि मास्तरांना बजावलं, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका. आता ज्या माणसाला उभ्या आयुष्यात टाकीसमोर हात बांधून उभं राहणं जमलं नाही, त्याला मी हे सांगितलं. नवी सिस्टीम मी सुरू करून ठेवली होती, आणि पडद्यावर आपल्याच भाषेत दोन पर्याय होते. जुनं ठेवून नवं शेजारी बसवा, किंवा जुनं सगळं पुसून नवं बसवा. इथे बसलेल्या रंगाई खात्याला विचारतो, तुम्ही काय दाबलं असतं? हसू नका. तुम्हीही तेच दाबलं असतं.

मी परत आलो तर पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी पुढे सरकत होती. काय दाबलंत म्हणून विचारलं, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "जुन्या रंगावर नवा रंग सोडतात का कुठे? टाकी आधी धुवायची."

काकू हातात कात्री घेऊन आतून आल्या. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. "माझ्या वेली?" एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी पट्टीकडे.

मी तेव्हा पळालो नाही, हे माझ्या ओळखीच्या लोकांनी कृपया नोंदवून घ्यावं.

मग काय झालं? काकूंनी पदराने डोळे पुसले आणि फोन उचलला. खालच्या मजल्यावरची शिंपीण आली. बालवाडीच्या बाई आल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या गल्लीतली ती बाईसुद्धा आली, तिच्याकडे तर सगळ्यात जास्त नमुने निघाले. वाटून टाकलेलं एकेक परत येत गेलं, आणि नुसतं परत नाही आलं. एका काठाची रुंदी कुणी नीट केली होती. एका वेलीला कुणी एक पान जास्त काढलं होतं. काकू पडद्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "हे पान माझं नाही."

मास्तर लगेच म्हणाले, काढून टाक.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "वेल आता पुरी वाटतेय."

खिडकीच्या पडद्यांसाठी काढलेली एक मोठी वेल मात्र आली नाही. ती त्यांनी अजून कुणाला दिलीच नव्हती, द्यायची राहून गेली होती. मी डिस्क घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माझ्या जुन्या मालकाकडे गेलो, त्यानेही हात टेकले. मास्तर मला कारखान्यात रोज विचारायचे, काही मार्ग? मी नाही म्हणून मान हलवायचो. ते तसेच टाकीकडे वळायचे. मला वाटतं, ती न आलेली वेल मास्तरांच्या डोक्यात आमच्या कुणाहीपेक्षा जास्त दिवस राहिली.

पुढचं काम मजेचं होतं. अक्षरं मोठी केली, सगळी चित्रं काकूंच्या डाव्या हाताच्या सोयीने लावली. कॉम्प्युटर आता कुकरच्या पहिल्या शिट्टीआधी उठतो. अडलं ते पडद्यावर त्या चित्रांमागे दिसणाऱ्या रंगावर. मी एक निळा लावला, मास्तर म्हणाले, मेलेला आहे. दुसरा लावला तर म्हणाले, हा जांभळ्याच्या घरी जेवून आलाय. शेवटी ते स्वतः कापडाचे तुकडे घेऊन खिडकीशी बसले आणि एकेक छटा पडद्यावर जुळवत गेले. भरतकामाच्या दोऱ्यांच्या छटांचा अख्खा संच तयार झाला. मी सहज म्हटलं, हा इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवू का? मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. काकू सुईत दोरा ओवत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, ठेव.

काही दिवसांनी कुठल्यातरी देशातल्या माणसाचे आभार आले. त्याने संचात दोन छटा वाढवल्या होत्या. हा कोण, मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. "मला ओळखत नाही, आणि माझं काम पुढे करत बसलाय," असं म्हणून ते स्वतःशीच हसले. त्या दोन छटा त्यांनी खिडकीशी नेऊन तपासल्या, हे वेगळं सांगायला नको.

मागच्या आठवड्यात निळ्याचा लॉट लागला. पूड सोडायची वेळ झाली आणि आम्ही सवयीने भिंतीकडे वळलो. मागून आवाज आला, "फिरू नका. इकडे या, सगळे."

पाणी किती तापवायचं, पूड कुठली, ती आधी कशात कालवायची, टाकीत कुठल्या कडेने सोडायची, फेस कसा दिसला की थांबायचं, सगळं त्यांनी मोठ्याने सांगितलं. ऐकू न आलेल्यांसाठी परत सांगितलं. धुलाईतल्या बायका दारात आल्या, त्यांनाही आत घेतलं. मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, आता तू कर. मी, भिंगरी. मी डबा उचलला, अर्धवट टाकून पळण्याची मनाई होती ना.

साहेब, पाहुणे, आपल्यासमोरच्या टेबलावर जे निळं कापड अंथरलं आहे, ते काल आम्ही काढलं. मास्तर तेव्हा टाकीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. पण इथे येऊन बसल्यापासून ते त्याची कड दोन बोटांत धरून चोळतायत. आपलं कुणाचं लक्ष नाही असं त्यांना वाटतंय. मी मघापासून बोलतोय इकडे, आणि माझं सगळं लक्ष त्या दोन बोटांकडे आहे.

मास्तर, सगळ्यांसमोर विचारतो. कसा उतरलाय?

थांबा, मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. मास्तर म्हणतात, हा माझा निळा नाही.

काय म्हणालात, मास्तर?

ते म्हणतात, राहू दे.

मला आणखी काही बोलायचं नाही. मला इथे उभं केल्याबद्दल साहेबांचा, निळ्यावर विश्वास ठेवून आल्याबद्दल पाहुण्यांचा, वेली वाटून टाकल्याबद्दल काकूंचा आणि हसल्याबद्दल आपणा सर्वांचा आभारी आहे. बोलताना कुठे जीभ घसरली असेल, मानापानात कमीजास्त झालं असेल, तर शाळा अर्धवट सोडलेल्या पोराचं म्हणून पोटात घाला. आता उठतो. रंगाईवाल्यांनो, जेवण झालं की टाकीवर या. दुसरा लॉट लावायचाय.