वालूरच्या नळीवरची चिठ्ठी

आदरणीय अध्यक्ष किशनराव, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्र आणि सत्कारमूर्ती नर्मदाबाई,

विभागप्रमुख म्हणून चार गोड शब्द लिहून आणले होते. तो कागद खिशातच ठेवतो, अध्यक्षांनी समजून घ्यावं.

आमच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर आधी त्यांचं अन्न शिजवावं लागतं. साखर, यीस्टचा अर्क आणि ते घट्ट करायला आगर. काचनळीत ते थिजलं की त्यावर जिवाणू सोडायचे. महिन्याभराने नव्या नळीत हलवायचे, नाही तर ते उपासमारीने मरतात. हा स्वयंपाक बाईंनी बावीस वर्षं केला.

त्यांची मुलगी सत्यशीला इथेच शिकली. वालूरच्या घरच्या शेतातल्या तुरीच्या मुळांवरच्या गाठींतून तिने एक जिवाणू वेगळा केला. नळीवर पेन्सिलीने चिठ्ठी लिहून लावली. शहाऐंशी साली काविळीने ती गेली. लग्न ठरलं होतं तिचं. तेव्हापासून बाई दर महिन्याला तो जिवाणू नव्या नळीत हलवत आणि तीच चिठ्ठी अलगद सोडवून पुन्हा चिकटवत. लेकीचं दुसरं काय उरलं होतं त्यांच्यापाशी?

पुढच्या वर्षी बाई वर्षश्राद्धाला गावी गेल्या. इकडे तपासणीचे लोक यायचे होते. आवराआवरीत मी जुन्या नळ्यांचा ट्रे ऑटोक्लेव्हमध्ये घातला. त्या वाफेत काहीच जिवंत राहत नाही. झाकण उघडलं तेव्हा ती चिठ्ठी दिसली. अक्षरं शाबूत होती.

मी काय केलं? तुरीच्याच गाठींतल्या दुसऱ्या एका जिवाणूची नळी काढली, तिला ती चिठ्ठी चिकटवली आणि चार वर्षं गप्प बसलो.

काल बाई निवृत्तीआधी प्रयोगशाळेच्या चाव्या द्यायला आल्या तेव्हा राहवलं नाही, सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "ठावं हाय सर. पोरीच्या नळीतली वाढ लय चिकट व्हती, नळी तिरपी केली की ओघळायची. ही तशी न्हाई. गावाहून आले त्याच दिवशी कळलं."

"मग हिला का सांभाळलंत?"

"हिचा काय गुन्हा? हिला उपाशी ठिवू का?"

रात्रभर तेच ऐकू येत होतं.

बाई, ती चिठ्ठी आज सकाळी सोडवून या पाकिटात ठेवली आहे. शालीबरोबर घरी न्या. नळीचा महिना उद्या भरतो. तिचं अन्न मी शिजवीन.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं. बाईंकडे माफी मागायला मात्र मला तोंड नाही.