पचनसंस्थेकडे तोंड करून

...आणि वर म्हणतात काय, 'काम अगदी सोपं आहे हो, फक्त बोलायचं नाही!' फक्त! अहो, माशाला सांगून बघा, बाबा रे, फक्त पोहू नकोस! तुम्हाला सांगते, दारावरची बेल वाजली की मी आधी 'अगं बाई' म्हणते आणि मग दार उघडते. फोन वाजला की हातातून फोनच पडतो. लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसं गप्प उभी असली की मला घाम फुटतो, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत मी त्यांना माझ्या चपलांची किंमत सांगून मोकळी झालेली असते. गप्पपणा सोसवतच नाही मला! आणि अशा मला नोकरी कुठली मिळावी? एका संस्थेतर्फे शाळेशाळेत जायचं आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या गटचर्चेत गप्प बसायचं!

पद्धत अशी की खुर्च्या गोलात मांडायच्या. विषय मुलांनीच चिठ्ठ्या टाकून काढायचा, चर्चा मुलांनीच चालवायची, आणि ज्याच्या हातात फळा पुसायचं डस्टर असेल त्यानेच बोलायचं. ताईने, म्हणजे मी, कधी बोलायचं? मुलांनी आपणहून तिच्या हातात डस्टर दिलं तर! नाही दिलं तर? तर नाही!

पहिल्या बैठकीत पोरं बारा सेकंद गप्प बसली. मोजले हो मी, बारा! तेराव्या सेकंदाला मी जी सुरू झाले ती घंटा होईपर्यंत. परीक्षेच्या भीतीपासून निघाले ते थेट मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत जाऊन पोचले! जाता जाता एक चष्मेवाला म्हणतो कसा, 'ताई, पुढच्या वेळी गुडघ्याचं काय झालं ते सांगा हं!'

झालं. आमच्या कचेरीतल्या मोठ्या मॅडमनी बोलावून घेतलं. मॅडम रागावत नाहीत, तेच तर वाईट. शब्द मधात घोळवून म्हणाल्या, 'हे बघ बाळ, तीन महिने तुला बघायला म्हणून घेतलंय. तिसऱ्या बैठकीला मी स्वतः येऊन बसेन. तेव्हा जर तू बोललीस, तर तू तुझ्या घरी सुखी, आम्ही आमच्या घरी. सोपं आहे की नाही?' पुन्हा सोपं!

दुसऱ्या बैठकीला मी ओठ असे मिटून घेतले की लिपस्टिक दातांना लागली. विषय निघाला, शाळेत मोबाइल आणावा का. मी बोलले का? एक अक्षर नाही! पण पोरं महाबिलंदर. वाक्य बोलायच्या आधी माझ्याकडे बघायची, बोलून झालं की पुन्हा माझ्याकडे. चष्मेवाला म्हणतो, 'आणू नये. ताईंची भुवई वर गेली.' मागून दुसरा, 'अरे ती डावी! डावी गेली म्हणजे आणावा!' मी घाबरून दोन्ही भुवया खाली ओढल्या, तर सगळे एकदम म्हणाले, 'ताई चिडल्या, विषय बदला.'

आणि त्यात एक होती खिडकीशी बसणारी. वर्षभरात वर्गात हजेरीपलीकडे बोललेली कुणाला आठवत नव्हती. डस्टर तिच्या हातात आलं की माझा जीव गोळा व्हायचा. बोल गं, बोल गं राणी... मी नुसती बघायचे तिच्याकडे, हसून, मान हलवून. आपला रिपोर्ट उघडणाऱ्या डॉक्टरकडे आपण बघतो ना, अगदी तशी! ती डस्टर घ्यायची, माझ्याकडे बघायची आणि पुढच्याला देऊन टाकायची.

आला तिसरा दिवस. मॅडम यायच्या होत्या. खोली मिळाली विज्ञानाची, भिंतीवर माणसाच्या पोटातले तक्ते. मॅडमना यायला उशीर झाला आणि इकडे आमच्या वकीलसाहेबांनी डस्टर उचललं. वकीलसाहेब म्हणजे दोन वेण्यांची, एवढीशी पोरगी, पण बोलायला उभी राहिली की समोरच्याला आपलं कुठेतरी चुकलंय असं वाटायला लागतं.

'एक तक्रार आहे,' ती म्हणाली. 'ताई बोलत नाहीत, पण ताईंचा चेहरा बोलतो. डस्टर नसताना बोलतो! सबब ताईंची खुर्ची फिरवावी. कोणाकोणाला मान्य?'

अकराच्या अकरा हात वर! बारावा माझा. 'ताई, तुम्हाला मत नाही,' वकीलसाहेब म्हणाल्या. अहो, मी बाजूनेच मत देत होते! पण मी बोलले का? एक अक्षर नाही! दोन पोरांनी मला खुर्चीसकट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नाकापासून वीतभर अंतरावर माणसाची पचनसंस्था. मॅडम कधीही दार उघडणार, माझी नोकरी माझ्या पाठीमागे, आणि मी मोठ्या आतड्याकडे बघत बसलेय!

मागे चिठ्ठी उघडल्याचा आवाज आला. विषय होता, घरचे 'काय झालं' विचारतात तेव्हा आपण 'काही नाही' का म्हणतो?

मग शांतता. बारा सेकंद नाही, तुम्हाला सांगते, मी स्वादुपिंडापासून मोजायला लागले ते आतड्याचे सगळे वेढे संपले तरी शांतता! जिभेवर मावशीचा गुडघा आला होता, गिळला! आणि मग एक आवाज आला... बारीक, पण सरळ. हा कोणाचा? मी मान वळवणार, तेवढ्यात वकीलसाहेब, 'ताई, पुढे बघा!'

खिडकीवाली बोलत होती.

'मी एकदा आईला सांगितलं की मला शाळेत यायची भीती वाटते,' ती म्हणाली. 'तर आईच रडायला लागली. मग मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, गंमत केली गं. विचारणारा आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला असला ना, की त्यालाच सांभाळावं लागतं. मग काही नाही म्हणणं बरं.' मग म्हणाली, 'ताईपण तसंच बघतात. खूप चांगल्या आहेत. पण इतक्या आशेने बघतात की वाटतं, आपण काही बोललो आणि ते साधंच निघालं तर यांना बरं नाही वाटणार.'

चष्मेवाला म्हणाला, 'माझे बाबापण. मी त्यांना फक्त मार्क सांगतो, बाकीचं त्यांना झेपत नाही.' मग जो तो बोलायला लागला. डस्टर इकडून तिकडे, खडूची धूळ माझ्या मानेवर... आणि मी? माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पचनसंस्था सगळी धूसर झालेली, आणि कुणालाही मला पाणी आणून द्यायची गरज नव्हती, कारण कुणाला ते दिसतच नव्हतं! त्या पोरीचे उपकार कसे फेडू सांगा!

एवढ्यात दार उघडलं. 'हे काय चाललंय?'

मी अशी दचकले की कपाळ थेट जठरावर आपटलं. मॅडम! 'बाळ, तू कोपऱ्यात काय करतेयस?' सांगा, काय करू? बोलले तर नोकरी जाते, न बोलले तर वेडी ठरते! पण मी बोलले का? एक अक्षर नाही! डस्टरच नव्हतं ना माझ्याकडे!

'मॅडम,' वकीलसाहेब उठल्या, 'तुमच्याकडेही नाहीये.' आणि मॅडमच्या हातात डस्टर दिलं. मॅडमनी विचारलं, पोरांनी चेहऱ्याचं सगळं प्रकरण समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, 'बरं, चालू द्या,' आणि गोलात बसल्या. दोन मिनिटं झाली असतील नसतील. माझ्या बाजूला खुर्ची ओढल्याचा करकर आवाज. बघते तर मॅडम! श्वसनसंस्थेसमोर! मागून चष्मेवाला, 'राग मानू नका हं मॅडम, तुमची मान फार हलते.'

बसलो दोघी, शेजारीशेजारी. मॅडमनी फुप्फुसं बघितली, मी यकृत. एकमेकींकडे बघायची सोय नव्हती.

घंटेला पाच मिनिटं होती, तेव्हा माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हातात डस्टर. खिडकीवाली म्हणाली, 'ताई, तुम्हाला काही बोलायचंय? नसलं तरी चालेल.'

नसलं तरी चालेल! मला आयुष्यात असं कुणीही म्हटलेलं नाही हो! अर्धा तास साठवलेलं, फुटेस्तोवर भरलेलं सगळं पोटात, आणि मी डस्टर हातात धरून शोधतेय, शोधतेय... तर आत काही सापडेना. निवांत. मी म्हटलं, 'काही नाही.'

असे हसले सगळे! मॅडमची खुर्चीसुद्धा हलत होती. पण खरंच काही नव्हतं, देवाशपथ, पहिल्यांदाच खरं बोलले होते मी.

आठवड्याने मॅडमचा अहवाल आला. उघडला. दीड ओळ. 'गटाला यांची गरज भासली नाही. कायम करावे.'

तर तुम्हाला सांगते, शाळेत असताना भिंतीकडे तोंड करून बसायची शिक्षा मला एकदाही झाली नाही, इतकी मी भित्री. आता दर मंगळवारी असते. पगारी!