शेठच्या पावलावर पाऊल

स्वतः पुढे होऊन काम करणाऱ्या मालकाचं कौतुक मला सांगू नका! कॅम्प दोनच्या बाजारातल्या आमच्या सिंधी शेठने लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नव्या दुकानाची जमीन लाल रंगवायला स्वतःच ब्रश उचलला आणि थेट दारापासून सुरुवात केली. आम्ही चौघे नोकर त्याच्या बरोबरीने. रंगवत रंगवत सगळे मागच्या भिंतीला चिकटलो. आता बाहेर कसं पडायचं?

मी म्हटलं, "शेठ, बाहेर जाणारी पावलं उमटली तर लोक म्हणतील, लक्ष्मी निघून गेली."

शेठने दाराकडे पाठ केली. "उलटा चलो, साईं. पहले मैं."

त्याच्या पावलावर पाऊल ठेवत आम्ही उलटे बाहेर आलो. एकेक पाऊल सुपाएवढं झालं!

दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, लक्ष्मीचे पाय केवढे हो!"

"अकेली थोडी आई, साईं? पूरा स्टाफ लेके आई."