अभ्यासासाठी माणूस

रुचिका : मावशी, उत्तर काकांनाच देऊ द्या. तुम्ही सांगितलं तर मला कळणार कसं, त्यांना किती आठवतं ते?

रुख्माबाई : मी कुठं सांगून राह्यली माय? ते घाबरले म्हून जरासा आधार देल्ला. अवो, बोला ना. डाक्टरीनबाई केळझरपर्यंत आपल्यासाठी आली.

रुचिका : मी डॉक्टर नाही हो, अभ्यासासाठी माणसं निवडते. विसरण्याच्या आजारावर नवीन औषध आहे, ते कोणाला देऊन बघायचं ते ठरवायला आले. काका, मघाशी मी तीन शब्द सांगितले होते. आठवतात?

लक्ष्मणराव : हो. सांगतले होते.

रुचिका : कोणते?

लक्ष्मणराव : चांगले होते.

रुख्माबाई : पाय बाप्पा! सकाळी पियुषचा पुण्यावून फोन आलता, पोराशी किती मस्त बोलले. म्हने, भेंडी तोडाले आली. अन् आता तोंडाले कुलूप.

रुचिका : बरं काका, आज वार कोणता?

लक्ष्मणराव : हिले इचारा. ते सारं हिच्याकडे असते.

रुख्माबाई : शनिवार! शनिवार म्हना ना.

रुचिका : आज मंगळवार आहे मावशी.

रुख्माबाई : हो का? घरात बसल्या मानसाले सारे वार सारखेच.

रुचिका : काका, या कोण आहेत?

लक्ष्मणराव : ह्या? ह्या इथल्या बाई हायेत. लय जीव लावतेत.

(रुचिका हातातली वही मिटते.)

रुचिका : मावशी, काकांना अभ्यासात नाही घेता यायचं.

रुख्माबाई : काऊन?

रुचिका : ज्यांचं विसरणं नुकतं सुरू झालंय, त्यांनाच हे औषध द्यायचं ठरलंय. काका त्याच्या खूप पुढे गेलेत.

रुख्माबाई : म्हन्जे ज्याचे पाय भिजले त्याले हात देता, अन् जो डुबून राह्यला त्याले नाई?

रुचिका : नियम मी नाही केले.

रुख्माबाई : तू लेकीसारखी. दोन शब्द आठवले म्हून सांगून दे ना.

रुचिका : पुढच्या तपासणीत ते कळेलच. आणि हे औषध काकांना सोसेल की नाही, कोणालाच माहीत नाही. त्यांना काही झालं तर?

रुख्माबाई : असं नोको करू माय. आज अटकले, पन बोलतेत मस्त. सकाळीच पियुषचा पुण्यावून फोन आलता. म्हने, भेंडी तोडाले आली.

रुचिका : मावशी, हे तुम्ही आत्ताच सांगितलं.

रुख्माबाई : सांगतलं? कवा?

रुचिका : आत्ता, वार विचारायच्या आधी. मावशी, ते तीन शब्द तुम्हीपण ऐकले होते ना? तुम्ही सांगता का?

रुख्माबाई : त्यात काय! चिंच. चिंच अन्... थांब. तू अशी टक लावून पाहून राह्यली, कसं आठवन?

रुचिका : नाही बघत. सांगा.

रुख्माबाई : एकच सांगतला होता तू.

रुचिका : तीन होते.

रुख्माबाई : दूध उतू जाते माह्याच्यानं. गॅस तसाच चालू राह्यते. म्हटलं, ह्यायच्या मागं धावू धावू होते असं.

रुचिका : तसंही असेल. पण एकदा माझ्यासोबत दवाखान्यात चला, नीट तपासू. तुम्हाला कदाचित घेता येईल.

रुख्माबाई : मी बसतो तुह्या नियमात?

रुचिका : बहुतेक.

रुख्माबाई : ह्यायच्यासाठी बोलावलं होतं तुले मी.

रुचिका : माहीत आहे.

लक्ष्मणराव : बाई काऊन रडून राह्यल्या? कोनी काही बोललं का त्यायले?

रुख्माबाई : नाई जी. कोनी नाई बोललं. तुमी बसा.

रुचिका : मावशी, या औषधाला घरचं कोणीतरी सोबत लागतं. गोळ्या वेळेवर द्यायला, काही वेगळं वाटलं तर आम्हाला कळवायला. पियुषदादा येऊ शकेल?

रुख्माबाई : त्याची नवी नोकरी हाये. दिवाळीले येते तो.

रुचिका : मग रोज तुमच्याजवळ कोण असतं?

रुख्माबाई : हे असतेत ना.