आईला न पटलेलं मीठ

केमिस्ट्रीत पास कशी झालीस म्हणून विचारता ना, मग ऐका. कॉलेजच्या पहिल्याच टेस्टमध्ये मी साफ आपटले होते. एक सीनियर म्हणाली, "घर पे किसी को पढ़ाओ, खुद समझ जाओगी."

घरी आई पोळ्या लाटत होती. तिला म्हटलं, मीठ तयार होताना सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो.

"का देतो?"

"नियम आहे, आई."

"कुणाचा? आणि तो क्लोरीन नुसता घेतच बसतो?"

दुसऱ्या दिवशी मी तेच सरांना विचारलं. मग रोजचंच झालं. आई शंका काढायची, मी सरांचं डोकं खायची. फायनलला चक्क फर्स्ट क्लास!

यंदा आमच्या कोटरा वस्तीतल्या शेजारच्या ओंकारला मी हाच उपाय सांगितला. पठ्ठ्या टेस्टमध्ये उडाला आणि तोंड पाडून आमच्या घरी आला.

"दीदी, मी रोज मम्मीला शिकवलं ना! तिला तर सगळं एका झटक्यात समजलं!"

आईने लाटणं बाजूला ठेवलं.

"उद्यापासून माझ्याकडे ये. मला अजून ते मीठच पटलेलं नाही."