आठ नंबर, चौदा नंबर

(तिवसा तालुक्यातलं एक गाव, २००६ ची दिवाळी नुकतीच झालेली. सोयाबीन निघालेल्या वावराच्या बांधावर.)

अब्दुल सत्तार : पंख्याले चार पाती? अकोल्याहून दोन गाड्या बदलून मी हे पाहाले आलो काय बे, सूर्यभान?

सूर्यभान : आल्या आल्या सुरू! आधी पाणी तर पे. आचल, सत्तारबाबाले पाणी दे.

अब्दुल सत्तार : पाणी राहू दे. फोनवर तू काय बोलला? नातीसंगं स्पिटफायर विमान बनवून राहिलो, रिमोटवर उडणारं. आठ नंबरचं बनवून राहिलो असं बोलला काय?

सूर्यभान : आठ नंबर म्हणजे स्पिटफायर नाही, बैलाची दमणी हाये का?

आचल : बाबा, तुम्ही बसा आधी. ही घ्या सतरंजी. आबांचं मी चार महिने ऐकलं, आता तुमचं सांगा. आठ न् चौदात एवढं काय हाये?

अब्दुल सत्तार : ऐक बेटा. लढाईत, बर्माच्या फ्रंटवर, आमी दोघं एकाच विमानावर होतो. तुहा आबा इंजिनाचा फिटर. मी ढाच्याचा. पंख, शेपूट, चाकं, सब माह्याकडं. आधी हरिकेन होतं, मंग स्पिटफायर आलं. अन् स्पिटफायर काही एक नसते. त्याचे वीस-बावीस अवतार. पाच नंबरले तीन पाती, आठ नंबरले चार, अन् चौदा नंबरले पाच! नंबर वाढे तशी पाती वाढे.

सूर्यभान : अन् अक्कल कमी होये.

अब्दुल सत्तार : पाहा, पाहा कसा बोलते!

सूर्यभान : खरं तेच बोलतो. आठ नंबर म्हणजे नक्षत्र होतं, आचल. मर्लिन इंजिन. सकाळी दवात उभं राहे थंडगार, पण एका झटक्यात सुरू. उडालं की मागचं चाकसुद्धा पोटात घे. अंगावर कुठी काही लोंबत नसे.

अब्दुल सत्तार : चाक तर चौदाचंही पोटात जाये! तू आपलं मिरव, लोकायचं झाकून ठेव. बेटा, चौदाचं इंजिनच दुसरं. ग्रिफन. दोन हजार घोडे! त्याच्यासाठी नाक लांब करा लागलं. थे चढे ना, तर असं वाटे का कोणी आभाळातून दोर ओढून राहिलं.

सूर्यभान : अन् जमिनीवर? थे सांग ना.

अब्दुल सत्तार : जमिनीवर थोडं… नखरे करे.

सूर्यभान : थोडं! मर्लिनचा पंखा एका बाजूनं फिरे, ग्रिफनचा उलटा. पायलट लोकायले सवय आठ नंबरची. थे पाय दाबत एकीकडं, विमान पळे दुसरीकडं. एक दिवस तर भटारखान्याकडं निघालं होतं. स्वयंपाकी भाताचं डेग सोडून पळाला.

आचल : (हसत) हे तुम्ही मले कधी सांगितलं नाही, आबा.

सूर्यभान : चौदाचं नावच काढत नाही मी.

अब्दुल सत्तार : कावून नाही काढत? साठ सालं झाली, पण मले समजलं नाही तुह्यावालं. इंजिनाचा माणूस तू. त्यापेक्षा भारी इंजिन कवा पायलं होतं का तू? अन् तरी दुश्मनी?

सूर्यभान : जाऊ दे.

अब्दुल सत्तार : नाही, आज बोल.

सूर्यभान : थे विमान आलं अन् तुले घेऊन गेलं लेका. चौदा नंबरसाठी माणसं निवडली, त्यात तुहं नाव निघालं, माहं नाही. सकाळी उठून पायतो तर तुही खाट रिकामी. मंग मी दुसऱ्या कोणाच्या हाताखालचे पंख पाहू का? अकरा सालानं भेटला तू, सुतार होऊन, अमरावतीच्या बसस्टँडवर, डोक्यावर कपाटाचा दरवाजा घेऊन.

अब्दुल सत्तार : …थो दरवाजा नव्हता. खिडकी होती.

सूर्यभान : खिडकी असन.

अब्दुल सत्तार : अन् तुले असं वाटते का मले तठी मजा होती? मले नव्या फिटरचं नावही याद नाही. त्याले शिटी वाजवता येत नव्हती. तू इंजिनात डोकं घालून शिटी वाजवे ना, तर मले पंखाखाली समजे, सब ठीक हाये.

आचल : आबा, गाव जमून राहिलं. केशवरावकाका आले, पार्वताबाई आली, शाळेतले सगळे पोरं आले. तुम्हीच सगळ्यायले बोलावलं. अन् उद्या सकाळी माही बंगलोरची गाडी हाये, हे विसरू नका. आज उडलं तर उडलं.

अब्दुल सत्तार : नोकरी लागली म्हणे बेटीले?

सूर्यभान : विमानाच्याच कारखान्यात! खऱ्याखुऱ्या. पूर्ण गावाले पेढे वाटले. या दोन-तीन सालात गावात लोक जमत थे कोणी औषध पेल्याच्या बातमीलेच. म्हटलं, एक डाव तर लोकायनं मान वर करून पाहावं.

अब्दुल सत्तार : मंग माही थैली आन इकडं, बेटा. सांभाळून. कापडात गुंडाळलेलं काढ.

आचल : अरे वा! पाच पाती! बाबा, हे तुम्ही कोरलं? किती पातळ…

अब्दुल सत्तार : महिनाभर घासलं. घरवाली शकीला म्हणे, बुढ्याले दुसरी बायको भेटली. लावायचं तर लाव, नाही तर तुहे आबा म्हणतील थे खरं. मी काही बोलत नाही.

सूर्यभान : …हलकं हाये बे.

अब्दुल सत्तार : हलकंच पाहिजे.

सूर्यभान : धार पाहा कशी उतरवली. डाव्या हाताचा अंगठा अजून चालते तुहा.

अब्दुल सत्तार : बोल ना मंग, काय करायचं?

सूर्यभान : आचल, चार पाती काढ. हे लाव.

आचल : पण आबा, नाक तर आठ नंबरचं हाये. आता लांब होत नाही.

सूर्यभान : नाक राहू दे. नाक माहं, पाती त्याची. आमचं विमान हाये, कोणाले काय हिशोब देयाचा हाये?

अब्दुल सत्तार : वा रे पठ्ठ्या!

आचल : बसलं. पक्कं बसलं. बाजूले व्हा दोघंही. पोरंहो, मागं सरका! मोटर सुरू करते.

सूर्यभान : फिरलं! फिरलं बे सत्तार!

अब्दुल सत्तार : फिरलं, पण हे… हे इकडं कावून येऊन राहिलं?

आचल : आबा, पाय वर घ्या! मागं मागं चाललं हे!

सूर्यभान : बंद कर, बंद कर! माह्या धोतरात शिरन!

अब्दुल सत्तार : लढाईत असलं विमान दुश्मनाले देलं पाहिजे होतं.

सूर्यभान : हासते काय बे? तुह्याच पात्यायनं घात केला. सारं गाव हासून राहिलं.

आचल : थांबा, मले पाहू द्या. पात्यायचा पीळ पाहा, आबा. चार पात्यायच्या उलटा हाये. बाबा, तुम्ही पंखा उलटा कोरला.

अब्दुल सत्तार : उलटा नाही कोरला! ग्रिफनचा जसा होता तसा कोरला. ग्रिफन उलटंच फिरे.

आचल : अन् माही मोटर सुलटी फिरते. म्हणून हवा समोर फेकून राहिली.

सूर्यभान : मंग? पुन्हा चार पाती लावा का?

आचल : काही गरज नाही. मोटरच्या तीन तारा असतेत. कोणत्याही दोन बदलल्या का मोटर उलटी फिरते. हे पाहा… ही इकडं… ही तिकडं. झालं.

अब्दुल सत्तार : बस? एवढंच?

आचल : एवढंच.

अब्दुल सत्तार : आमच्या वक्ताले ह्या तारा असत्या, तर थ्या स्वयंपाक्याचा भात वाचला असता.

आचल : चला, पुन्हा एकदा. सोडते!

सूर्यभान : समोर चाललं! समोर चाललं!

आचल : उजवीकडं ओढून राहिलं, बाबा!

अब्दुल सत्तार : ओढणारच! डावा पाय दाब, बेटा, डावा पाय!

आचल : पाय नाही, बाबा, इथं रिमोटवर काडी हाये!

अब्दुल सत्तार : जे असन थे दाब!

सूर्यभान : शेपूट उचललं… उचललं… चाकं सुटली! सत्तार, सुटलं बे जमिनीतून!

अब्दुल सत्तार : मले दिसून राहिलं, हात सोड, मोडशीन माहा!

सूर्यभान : वळलं पाहा. निंबाच्या वरून वळलं. पंख पाहा त्याचे उन्हात. तसेच ना बे? तसेच गोल?

अब्दुल सत्तार : बिलकुल तसेच. सुभान अल्ला.

आचल : आबा, तिकडं पाहा, केशवरावकाका! टोपी फेकून राहिले वर!

सूर्यभान : दुखवट्यानं दिवाळीले घरातून निघाला नव्हता थो. ओरड म्हणा, अजून ओरड!

अब्दुल सत्तार : सूर्यभान.

सूर्यभान : बोल.

अब्दुल सत्तार : आपण किती विमानं उडवली असन? अन् त्यात एकदा तरी बसलो का?

सूर्यभान : आपलं काम जमिनीवरचं. थे गेले का आभाळाकडं पाहायचं, अन् परत येयाची वाट पाहायची.

आचल : आता परत आणते. बॅटरी संपत आली. चूप राहा दोघंही… हळू… हळू… बस. उतरलं!

सूर्यभान : पाती सलामत?

अब्दुल सत्तार : पाचही. पोरंहो, हात नका लावू! पायलटले आधी विचारू दे. बोल बेटा, कसं उडलं?

आचल : मस्त, बाबा! एकदम मस्त. आबा, पार्वताबाई विचारून राहिली, उद्या किती वाजता उडणार? तिच्या बहिणीले बोलावते म्हणे माहुलीहून.

सूर्यभान : सांग तिले, उद्या नाही. उद्या उडवणारी चालली बंगलोरले.

अब्दुल सत्तार : थांब. नाही कावून सांगते? बेटा, हे डबडं मले दे. ह्या काड्या कशा चालतेत थे दिवस बुडेपर्यंत शिकव.

आचल : तुम्ही? पण बाबा, तुमची अकोल्याची गाडी तर आता अर्ध्या तासानं हाये.

अब्दुल सत्तार : शकीलाले फोन लाव. म्हणा, बुढा काही आज येत नाही.